थेरपीतलं गुपित कुठवर गुपित? समुपदेशन सेवांची गोपनीयतेच्या अंगाने पारख

"तुमचं बोलणं पूर्णपणे गोपनीय राहील." थेरपी देणाऱ्या जवळपास प्रत्येक सेवेच्या माहितीपत्रकात हे वाक्य असतं. जी सेवा या वाक्यावर थांबते आणि पुढे एक शब्दही बोलत नाही, तिचे गुण आम्ही तिथेच कापतो. थेरपिस्ट कितीही प्रामाणिक असला तरी हे वचन त्याला पूर्ण पाळता येत नाही. काही बाबतीत कायदा त्याला बोलायला भाग पाडतो. काही बाबतीत बोलायची मुभा देतो. आणि त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं तरी फाइल, सर्व्हर, विम्याचा अर्ज आणि बँकेचं स्टेटमेंट बोलत राहतात. सक्ती, मुभा आणि गळती या तीन गोष्टी वेगळ्या आहेत. त्या पहिल्याच भेटीत वेगवेगळ्या करून सांगणारी सेवा चांगली, हा आमचा निकष.

ही पारख भारतातल्या सेवांची आहे: खासगी क्लिनिक, रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, थेरपीची ॲप्स, कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी लावून दिलेलं समुपदेशन आणि हेल्पलाइन. उपचारांचा गुण किती येतो हे इथे पाहिलेलं नाही. आपण बोललेलं कोणाकोणापर्यंत पोचू शकतं, आणि ते आपल्याला आधी कळतं का, एवढंच पाहिलं आहे.

पहिली दहा मिनिटं

गोपनीयतेच्या मर्यादा पूर्वेतिहास विचारण्याआधी सांगायला हव्यात. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बऱ्याच ठिकाणी आधी "काय त्रास होतोय?" विचारतात, माणूस अर्धा तास मन मोकळं करतो आणि निघताना काउंटरवर संमतीपत्र सहीसाठी पुढे येतं. तोपर्यंत सांगायचं ते सांगून झालेलं असतं. अशी सही कागदावर वैध दिसली तरी ती समजून दिलेली संमती नव्हे.

चांगल्या संमतीपत्रात "कायद्याने आवश्यक असल्यास माहिती दिली जाईल" असं मोघम वाक्य नसतं. कोणत्या प्रसंगी, कोणाला, किती आणि तुम्हाला आधी सांगून की न सांगता, हे चारही त्यात लिहिलेलं असतं. त्याच कागदावर आणीबाणीत फोन करायच्या माणसाचं नाव तुमच्याकडून घेतलेलं असतं. ते नाव तुम्ही निवडायचं असतं. वडील किंवा नवरा हे नाव फॉर्ममध्ये आपोआप भरलं जात असेल तर ते खोडून हवं ते लिहा. ज्या घरातून त्रास होतोय त्याच घरात संकटाच्या वेळी फोन गेला, तर मदतीऐवजी नवं संकट उभं राहतं. मैत्रीण, मावशी, जुने शेजारी, कोणीही चालतं. अट एवढीच की त्या व्यक्तीला आपलं नाव दिल्याचं ठाऊक असावं आणि तिने फोन उचलावा.

संमतीपत्र वाचून दाखवणारा थेरपिस्ट आणि ते नुसतं पुढे सरकवणारा थेरपिस्ट यांत आम्ही पहिल्याला नेहमीच वरचं स्थान देतो. आणि मर्यादा ऐकून "मग मी काही गोष्टी सांगणार नाही" असं कोणी म्हटलं, तर ते निमूट मान्य करणारा थेरपिस्ट आणखी वरचा.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. त्याचं कलम २३ मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन घालतं. त्याच कलमात अपवादही आहेत. रुग्णाने नेमलेल्या प्रतिनिधीला त्याचं काम करता यावं म्हणून माहिती देता येते. उपचारांत सहभागी असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञांना देता येते. दुसऱ्या कोणाला इजा किंवा हिंसेपासून वाचवायचं असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळ, केंद्रीय प्राधिकरण, उच्च वा सर्वोच्च न्यायालय किंवा तसा अधिकार असलेल्या अन्य वैधानिक यंत्रणेचा आदेश असेल, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तरीही देता येते. धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची, हेही कलमातच लिहिलेलं आहे. कायद्याचा हा सगळ्यात उपयोगी भाग, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते यालाच.

कलम २४ प्रसारमाध्यमांना माहिती द्यायला बंदी करतं आणि संगणकावर साठवलेल्या नोंदींनाही हेच नियम लावतं. कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता या कुंपणातली फट. कायद्यातली 'मानसिक आजारा'ची व्याख्या अरुंद आहे. विचार, मनःस्थिती, स्मृती अशा गोष्टींतला असा मोठा बिघाड, की ज्याने निर्णयशक्ती, वागणं किंवा रोजचं जगणं गंभीररीत्या विस्कटतं. घटस्फोटाचं दुःख, परीक्षेचा ताण, सासरचे कलह घेऊन येणारी माणसं या व्याख्येत बसतीलच असं नाही. दुसऱ्या बाजूने, 'मानसिक आरोग्य व्यावसायिक' या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ येतात, राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी केलेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसोपचार परिचारिका आणि मानसोपचार समाजकार्यकर्ते येतात. अल्पमुदतीचा कोर्स करून पाटी लावलेला समुपदेशक त्यात येत नाही. त्याने तुमचं गुपित फोडलं तर तुमच्या हातात उरतो तो त्याच्याशी झालेला करार, म्हणजे तेच संमतीपत्र. म्हणून पात्रता आणि नोंदणी क्रमांक विचारताना संकोच करू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतं, मानसोपचारतज्ज्ञाचं वैद्यकीय परिषदेच्या. नोंदणी क्रमांक स्वतःहून संमतीपत्रावर छापणारी सेवा आम्हाला जास्त विश्वासाची वाटते.

जिवाचा धोका

आत्महत्येचा विचार बोलून दाखवला की थेरपिस्ट लगेच घरी किंवा पोलिसांना फोन करेल, या भीतीने असंख्य लोक नेमकी हीच गोष्ट लपवतात. भीती बरीचशी अनाठायी आहे, पण ती दूर करणं हे सेवेचं काम आहे. जाणकार थेरपिस्ट 'मरून जावंसं वाटतं' आणि 'उद्या रात्री अमुक करणार आहे' यांत मोठा फरक करतो. तो विचारतो: विचार किती वेळा येतात, काही योजना आहे का, साधन हाताशी आहे का, वेळ ठरवली आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का. योजना, साधन आणि वेळ हे तिन्ही जुळले तर धोका जवळ आला. तोवर बाहेर कोणाला काही न सांगता सुरक्षेचा आराखडा करता येतो: मन बिघडू लागल्याच्या खुणा कोणत्या, एकट्याने काय करून वेळ निभावायची, कोणाकडे जायचं, कोणाला फोन करायचा, आणि घातक साधन घराबाहेर कसं काढायचं.

फोन करावाच लागला तर किती बोलावं? "आज रात्री तिला एकटं ठेवू नका, औषधांचा डबा तुमच्या ताब्यात घ्या आणि सकाळी इथे घेऊन या" एवढ्यावर काम भागतं. प्रेमभंग झाला की नोकरी गेली, हे सांगायची गरज नसते. बहुतेक नुकसान होतं ते घाबरलेला थेरपिस्ट सगळंच सांगून बसतो म्हणून. पहिल्या भेटीत सरळ विचारा: "अशा वेळी तुम्ही नेमके कोणते शब्द वापराल?" ज्याने या प्रसंगाचा आधी विचार केला आहे तो एक-दोन वाक्यांत उत्तर देतो.

पोलिसांबद्दल. जुन्या दंडसंहितेतलं आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत त्या स्वरूपात राहिलेलं नाही. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याआधीच २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं होतं. म्हणजे जुना प्रयत्न थेरपिस्टला सांगितल्याने गुन्हा दाखल होण्याची भीती बाळगू नका. प्रयत्नानंतर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेल्यास मात्र वैद्यकीय-कायदेशीर नोंद होते आणि पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात. ती रुग्णालयाची पद्धत आहे, तुमच्या थेरपिस्टने केलेली तक्रार नव्हे.

दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर? यावरचा जगभर शिकवला जाणारा खटला कॅलिफोर्नियातला. १९६९ मध्ये बर्कलेतल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पस पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याची चौकशी करून त्याला सोडलं, आणि तातियाना तारासॉफ या तरुणीला किंवा तिच्या घरच्यांना कोणीच सावध केलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिचा खून झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये सावध करण्याचं कर्तव्य थेरपिस्टवर टाकलं आणि १९७६ च्या निकालात ते संरक्षण करण्याच्या कर्तव्यापर्यंत वाढवलं. आपल्याकडच्या कलम २३ ची भाषा वेगळी आहे. तिथे बोलायची मुभा आहे, सक्ती लिहिलेली नाही. त्यामुळे निर्णय थेरपिस्टच्या विवेकावर येतो आणि दोन चांगले थेरपिस्ट दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात. नुसता राग किंवा "त्याचा गळा दाबावासा वाटतो" हे उद्गार या मुभेत बसत नाहीत. ओळखता येईल अशी व्यक्ती आणि खरा, जवळचा धोका लागतो.

झालेल्या गुन्ह्याची कबुली हा वेगळा भाग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ३३ खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची माहिती असणाऱ्या प्रत्येक नागरिकाला, सबळ कारण नसेल तर, ती पोलिसांना द्यायला सांगतं. थेरपिस्टला त्यात वेगळी सूट नाही. नशा, विवाहबाह्य संबंध, कार्यालयातली छोटी चोरी यांतलं काहीही त्या यादीत नाही. प्रौढ व्यक्तीवर घरात होणारी मारहाणही त्या यादीत नाही. म्हणून सज्ञान बाईच्या संमतीशिवाय थेरपिस्टने तिची तक्रार परस्पर करू नये. जिवाला धोका दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

अठरा वर्षांखालचं मूल

इथे मात्र सक्ती आहे आणि ती कडक आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, किंवा होण्याची भीती वाटते, अशा कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलं पाहिजे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाबाबत हे टाळलं तर एक वर्षापर्यंत. समुपदेशकाला अपवाद नाही.

अडचण इथून पुढे. कायदा अठरा वर्षांखालच्या संमतीला मान्यता देत नाही. सोळा वर्षांची मुलगी समवयस्क मित्राशी असलेल्या शरीरसंबंधांबद्दल समुपदेशकाशी विश्वासाने बोलली, तरी कायद्याच्या नजरेत तो कळवण्याजोगा गुन्हा ठरतो. मुलांसाठी काम करणाऱ्या सेवेने हे पहिल्या दिवशी, मुलाच्या भाषेत, पालकांसमोर आणि पुन्हा एकांतात सांगितलंच पाहिजे: "कोणी तुला नको तिथे हात लावला, किंवा तुझे कोणाशी शरीरसंबंध आले, हे तू मला सांगितलंस तर ते मला पोलिसांना कळवावं लागतं. बाकी तुझ्याबद्दल आई-बाबांना काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू." हे न सांगता मुलाला बोलतं करणाऱ्या सेवेला आम्ही सपशेल नापास करतो, मग तिचे समुपदेशक कितीही प्रेमळ असोत. अशा ठिकाणी पोलीस दारात आले की ते मूल पुन्हा कोणत्याही मोठ्या माणसाशी बोलत नाही.

पालकांबाबत एक लेखी समझोता हवा. पालक फी देतात आणि कायद्याने अज्ञान मुलाचे प्रतिनिधीही तेच असतात, म्हणून प्रत्येक सेशननंतर "काय म्हणाला?" विचारणं त्यांना हक्काचं वाटतं. चांगली सेवा आधीच ठरवते की पालकांना प्रगती, हजेरी आणि जिवाचा धोका एवढंच सांगितलं जाईल.

प्रौढ व्यक्तीने बालपणीचा अत्याचार सांगितला तर थेरपिस्टांची वागणूक सारखी नसते. पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याआधीच्या घटना त्यात येत नाहीत. नंतरच्या घटनांबाबत कोणी कळवणं बंधनकारक मानतं, कोणी सज्ञान व्यक्तीचा निर्णय अंतिम मानतं. आरोपी आजही लहान मुलांच्या सहवासात असेल तर बहुतेकांचा कल कळवण्याकडे झुकतो. तपशील सांगण्याआधी "समजा, एखाद्याने असं सांगितलं तर तुम्ही काय कराल?" असा मोघम प्रश्न विचारून घ्या. यात लबाडी काही नाही, तो तुमचा हक्क आहे.

कोर्टाची पायरी

वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे, पतिपत्नींमधल्या बोलण्यालाही आहे. थेरपिस्टशी झालेल्या बोलण्याला भारतात असं संरक्षण नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, जॅफी विरुद्ध रेडमंड या खटल्यात, केंद्रीय न्यायालयांपुरतं ते मान्य केलं, तेही नुसत्या डॉक्टरांना नव्हे तर परवानाधारक समाजकार्यकर्तीलाही. आपल्याकडे न्यायाधीशाने विचारलं तर थेरपिस्टला उत्तर द्यावं लागतं. घटस्फोट आणि मुलांचा ताबा या दाव्यांत हे सर्वाधिक भोवतं. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या नेहमीच्या चौकटीबाहेर जाऊनही कागदपत्रं पाहता येतात, आणि वैवाहिक दाव्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात २००३ मध्ये स्पष्ट केलं आहे.

म्हणून समन्स आल्यावर सेवा काय करते यावर आम्ही बरेच गुण ठेवतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाची नोटीस हा आदेश नसतो. पोलीस शिपायाने तोंडी फाइल मागणं हाही नसतो. शहाणं क्लिनिक आधी आदेश कोणाच्या सहीचा आहे ते पाहतं, तुम्हाला त्याच दिवशी कळवतं, मागितलेल्या भागापुरतीच माहिती देतं, ती बंद पाकिटात देतं आणि बाकीच्या माहितीला लेखी हरकत घेतं. घाबरट क्लिनिक पूर्ण फाइलची झेरॉक्स काढून देतं.

नोंदी

अमेरिकेत थेरपिस्टच्या खासगी टिपणांना इतर वैद्यकीय नोंदींपासून वेगळं ठेवलं तर वाढीव संरक्षण मिळतं आणि ती देण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. आपल्या कायद्यात अशी विभागणी नाही. जे लिहिलं ते सगळं नोंद. त्यामुळे कमी लिहिणं हेच खरं संरक्षण. तारीख, हजेरी, ठरवलेलं उद्दिष्ट, वापरलेली पद्धत, धोक्याचं मूल्यमापन, पुढचं पाऊल: एवढ्यावर व्यावसायिक नोंद पूर्ण होते. प्रियकराचं नाव, सासऱ्यांच्या व्यवहाराचा तपशील, स्वप्नांची वर्णनं यांची तिथे गरज नाही. धोक्याचं मूल्यमापन मात्र कधीच गाळू नये, कारण पुढे काही घडलं तर थेरपिस्टचा आणि तुमचाही आधार तीच नोंद असते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तुम्हाला तुमच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागता येतात. त्या वाचून तुमच्या मनावर गंभीर आघात होईल किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता आहे असं वाटलं तर तज्ज्ञ काही भाग रोखू शकतो, पण पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे त्याने तुम्हाला सांगावं लागतं. डॉक्टरांसाठी २००२ च्या आचारसंहितेत नोंदी मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचा आणि दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं ठेवण्याचा नियम आहे. बाह्यरुग्ण थेरपीच्या फाइलबाबत मात्र किती वर्षं ठेवता आणि कशी नष्ट करता, हे विचारूनच घ्यावं लागतं.

सुपरव्हिजनचं विसरू नका. चांगला थेरपिस्ट आपल्या केसेस वरिष्ठांपुढे मांडतो. मांडत नसेल तर ती काळजीची बाब आहे. नाव, गाव, व्यवसाय बदलून मांडतो का, एवढं विचारा. सेशनचं रेकॉर्डिंग होणार असेल तर वेगळी सही हवी आणि ते पुसायची तारीख त्या सहीजवळच लिहिलेली हवी.

आता सेवांचा निकाल

एकट्याने चालवलेलं खासगी क्लिनिक गोपनीयतेत सर्वांत वर जाऊ शकतं आणि सर्वांत खालीही. माहिती एकाच माणसाकडे असते, म्हणून गळतीच्या वाटा कमी. पण पातळ भिंती, एकमेकांना चिकटून ठेवलेल्या वेळा आणि भेटीची आठवण नावानिशी व्हॉट्सॲपवर पाठवणारी सहायक यांमुळे सगळं पाण्यात जातं. दोन भेटींमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, बाहेर आवाज दाबणारं यंत्र किंवा पंखा, आणि पावतीवर नुसतं 'सल्ला शुल्क': या तीन गोष्टी दिसल्या की आम्ही निम्मं समाधान मानतो. यूपीआयने पैसे देताना क्लिनिकचं नाव स्टेटमेंटवर उमटतं. घरचे खातं पाहत असतील तर रोख द्या. व्हॉट्सॲपचे संदेश प्रवासात सुरक्षित असतात, पण क्लाउडवरचा बॅकअप कूटबद्ध करायचा पर्याय स्वतः सुरू करावा लागतो.

रुग्णालयात डोळे जास्त. नोंदणीची खिडकी, परिचारिका, शिकाऊ डॉक्टरांची फेरी, बिल विभाग, आणि विम्याचा दावा असेल तर विमा कंपनीकडे निदानासकट जाणारे कागद. त्यात नातेवाइकांना सगळं सांगून टाकायची सवय घट्ट मुरलेली. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम २३ हे सोबत आलेल्या प्रत्येक नातलगाचा हक्क मानत नाही, फक्त नेमलेल्या प्रतिनिधीला त्याच्या कामापुरता देतं. हा प्रतिनिधी तुम्ही कोऱ्या कागदावर सहीनिशी नेमू शकता आणि केव्हाही बदलू शकता. कागदाची एक प्रत केसपेपरला जोडायला लावा. जमेची बाजू अशी की रुग्णालयाला कायदा स्पष्टपणे लागू आहे आणि दाद मागायची जागा ठरलेली आहे.

ॲप्सबद्दल आम्ही सर्वांत साशंक आहोत, आणि त्याला सबळ कारणं आहेत. फिनलंडमधल्या वास्तामो या थेरपी कंपनीची माहिती चोरीला गेली आणि २०२० मध्ये सुमारे ३३ हजार रुग्णांपैकी अनेकांना थेट खंडणीचे ईमेल आले: दोनशे युरो द्या, नाहीतर तुमच्या सेशनच्या नोंदी जाहीर करू. टिपणं आणि ओळख क्रमांक कूटबद्ध न करता एकत्र ठेवलेले होते. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन थेरपी सेवेने लोकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना जाहिरातींसाठी दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. त्याच वर्षी सेरेब्रल या ऑनलाइन मानसोपचार कंपनीने संकेतस्थळावरच्या ट्रॅकिंग कोडमुळे ३१ लाखांहून अधिक लोकांची माहिती बाहेर गेल्याचं कळवलं. या तिन्ही ठिकाणी थेरपिस्टने कोणाचं गुपित फोडलं नव्हतं. गळती थेरपिस्टच्या मागच्या यंत्रणेतून झाली.

म्हणून ॲप निवडताना थेरपिस्टच्या आधी धोरण वाचा. 'मार्केटिंग', 'भागीदार', 'सेवा सुधारण्यासाठी' हे शब्द शोधा आणि त्यांच्याजवळ आरोग्यविषयक माहिती येते का ते पाहा. खातं उघडण्याआधीच "तुम्हाला उदास वाटतं का?" अशी प्रश्नावली भरून घेणारं ॲप टाळा; ती उत्तरं रुग्णाची नोंद म्हणून जपली जातील याची खात्री नसते. वेगळा ईमेल वापरा, संपर्कयादीची परवानगी नाकारा. गप्पांचा मजकूर किती काळ साठवतात, सेशनचं यंत्राने शब्दांकन होतं का, खातं बंद केल्यावर काय पुसतात आणि काय उरतं, हे लेखी विचारा. आमच्या मते चांगल्या ऑनलाइन सेवेची खूण म्हणजे थेरपिस्ट प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला "आत्ता कुठे आहात?" विचारतो. संकटाच्या वेळी नोंदणीतला जुना पत्ता कामाला येत नाही. संभाषण करणाऱ्या यंत्रप्रणालींना या तुलनेत आम्ही धरलेलं नाही, कारण त्यांच्यावर व्यावसायिक गोपनीयतेचं बंधनच नाही.

कंपनीकडून मिळणाऱ्या समुपदेशनात पैसे देणारी कंपनी असते, हे लक्षात ठेवून वागावं. बहुतेक पुरवठादार कंपनीला फक्त एकत्रित आकडे देतात आणि मोठ्या कार्यालयात ते पुरेसं सुरक्षित असतं. सहा माणसांच्या शाखेत मात्र 'एक व्यक्ती, वैवाहिक समस्या' या ओळीतून माणूस ओळखू येतो. किती माणसांखालच्या गटाचा अहवाल देत नाही, हा आकडा पुरवठादाराकडून मागा. आकडाच ठरवलेला नसेल तर तिथे फक्त वरवरचं बोला. वरिष्ठांनी पाठवलं असेल तर हजेरी कळवली जाते का, आणि कामासाठी तंदुरुस्त असल्याचा अहवाल मागितला आहे का, हे दोन प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारायचे. तसा अहवाल मागितला असेल तर ती तपासणी आहे, थेरपी नव्हे.

हेल्पलाइनला नाव द्यावं लागत नाही, ही तिची ताकद. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आहे. क्रमांक गुप्त राहतो असं मात्र समजू नका. तातडीच्या धोक्यात ठिकाण शोधून मदत पाठवण्याबाबत हेल्पलाइनींची धोरणं वेगवेगळी असतात. फोन लागताच ते विचारता येतं.

जोडप्यांच्या थेरपीत आणखी एक गाठ असते. एकाने खासगीत सांगितलेलं दुसऱ्यापासून लपवायचं की नाही? 'आमच्याकडे जोडीदारापासून गुपित ठेवलं जात नाही' असा नियम असेल तर तो स्वतंत्र भेटीच्या आधी लेखी हवा. फाइल एकच असते, आणि पुढे कोर्टात दोघंही ती मागू शकतात. गटथेरपीत तर थेरपिस्ट फक्त स्वतःची हमी देऊ शकतो. बाकीचे सभासद कोणत्याही आचारसंहितेने बांधलेले नसतात.

गुपित फुटलंच, तर आधी काय, कोणाला, कधी सांगितलं गेलं याचं लेखी उत्तर सेवेकडून मागा. मानसिक आरोग्य आस्थापनेविरुद्धची तक्रार २०१७ च्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे आधी तिथल्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे, तिथे समाधान न झाल्यास पुनरावलोकन मंडळाकडे आणि मग राज्य प्राधिकरणाकडे जाते. डॉक्टर असेल तर राज्य वैद्यकीय परिषद, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर पुनर्वास परिषद. फी भरून घेतलेल्या सेवेसाठी ग्राहक आयोगाचाही मार्ग आहे, आणि नोंदणी नसलेल्या समुपदेशकाविरुद्ध बहुधा तोच सर्वांत जवळचा. तिथे संमतीपत्राची तुमच्याकडची प्रत लागते. ती पहिल्याच दिवशी मागून ठेवा.